टी. एस. एच.चा आकडा आणि नवजात बालक

‘थायरॉइड वाढला आहे’ असे सांगत आमच्याकडे येणाऱ्या अनेकांची ग्रंथी वस्तुतः मंदावलेली असते. वाढलेले असते ते टी. एस. एच.; आणि हे संप्रेरक गळ्यातील थायरॉइडचे नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे आहे. थायरॉइड कमी स्रवू लागली की पीयूषिका तिला अधिक जोराने चालना देते, म्हणून आकडा चढतो. ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यास तो बहुधा खाली जातो.

नवजात बालकाच्या बाबतीत या आकड्यावर त्याची बुद्धी अवलंबून असते. जन्मतः थायरॉइड अकार्यक्षम असलेले मूल बहुधा निरोगीच दिसते, कारण गर्भात त्याला आईच्या संप्रेरकाचा आधार मिळालेला असतो. लक्षणांची वाट पाहिल्यास मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झाल्यास बहुतेक मुलांची वाढ सर्वसामान्य होते. जन्मानंतर पहिल्या दिवशी टी. एस. एच. निसर्गतःच उसळते, म्हणून टाचेतील रक्ताचे थेंब ४८ ते ७२ तासांनी घेणे इष्ट. घरी जाण्याची ओढ आम्ही जाणतो. तथापि हा नमुना दिल्यावाचून बाळास नेऊ नये, ही आग्रहाची विनंती. औषध सुरू झाल्यास गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधातून द्यावी. बाटलीभर दुधात मिसळल्यास पूर्ण मात्रा पोटात जाईलच असे नाही.