जिमी फंड

बालकांना होणाऱ्या कर्करोगावरील संशोधनासाठी व उपचारांसाठी लोकवर्गणीतून उभारलेला अमेरिकेतील एक प्रसिद्ध धर्मादाय निधी. त्याची स्थापना १९४८ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील बॉस्टन येथे झाली. सामान्य नागरिकांच्या लहान लहान देणग्यांतून वैद्यकीय संशोधन कसे उभे राहू शकते, याचे हा निधी एक ठळक उदाहरण होय.

प्रौढांच्या तुलनेने बालकांमध्ये कर्करोग विरळा आढळतो. शिवाय त्याचे प्रकार अनेक असल्याने प्रत्येक प्रकाराचे रुग्ण थोडे असतात. त्यामुळे औषधनिर्मात्यांना अशा संशोधनाचे फारसे व्यापारी आकर्षण वाटत नाही व धर्मादाय साहाय्याचे महत्त्व वाढते.

१९४० च्या सुमारास तीव्र ल्यूकेमिया झालेली बालके बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. बॉस्टनच्या बाल रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक सिडनी फार्बर (१९०३–७३) यांना असे आढळले की, फॉलिक अम्ल वर्गातील द्रव्ये दिल्यास हा रोग अधिकच बळावतो. कोशिकांच्या विभाजनासाठी लागणाऱ्या डीएनएच्या संश्लेषणास फॉलिक अम्ल आवश्यक असते. तेव्हा त्याच्या क्रियेस विरोध करणारे द्रव्य रोगाला आवर घालील, असा तर्क त्यांनी केला. अशी द्रव्ये त्यांना लेडर्ली प्रयोगशाळेकडून मिळाली. तेथील संशोधनाचे नेतृत्व मूळचे आंध्रातील जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांच्याकडे होते. ॲमिनोप्टेरीन दिलेल्या १६ बालकांपैकी १० बालकांत सुधारणा दिसून आली व हे निष्कर्ष जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही सुधारणा तात्पुरती असे व रोग पुन्हा उद्भवे. तथापि औषधाने हा रोग काही काळ तरी मागे हटविता येतो, हे सिद्ध झाले. पुढील कार्यासाठी प्रयोगशाळा, प्रशिक्षित सेवकवर्ग आणि सातत्याने मिळणारा पैसा यांची गरज होती.

चित्रपटगृहे व करमणूक व्यवसायातील मंडळींच्या ‘व्हरायटी क्लब’ या संस्थेच्या न्यू इंग्लंड शाखेने फार्बर यांना साहाय्य केले. २२ मे १९४८ रोजी राल्फ एडवर्ड्‌स यांच्या रेडिओ कार्यक्रमात एका बारा वर्षांच्या रुग्ण मुलाशी संभाषण प्रक्षेपित करण्यात आले. त्याला आतड्यांतील लसीका ऊतकाचा कर्करोग झाला होता. खरे नाव गुप्त राखण्यासाठी त्याला ‘जिमी’ म्हटले गेले. बॉस्टन ब्रेव्ह्‌ज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खोलीत त्याला भेटले. संघाचे सामने पाहण्यासाठी त्याला दूरचित्रवाणी संच मिळावा म्हणून श्रोत्यांना आवाहन करण्यात आले. त्यास प्रतिसाद म्हणून दोन लाखांहून अधिक डॉलर जमले. पुढे चित्रपटगृहांत व क्रीडांगणांवर डबे फिरवून नाणी गोळा करण्यात येऊ लागली. १९५२ मध्ये निधीची स्वतंत्र इमारत सुरू झाली. १९५३ मध्ये ब्रेव्ह्‌ज संघ मिलवॉकी येथे गेल्यावर रेड सॉक्स संघाने निधीचे पालकत्व स्वीकारले. फार्बर यांच्या संस्थेस १९८३ पासून डेना-फार्बर कर्करोग संस्था असे नाव आहे. जिमी लहानपणीच वारला असावा, असा समज होता. परंतु तो जिवंत असल्याचे १९९८ मध्ये उघड झाले. २००१ मध्ये त्याचे निधन झाले.

एका बालकाच्या दर्शनाने लोकांच्या मनात करुणा जागी होते व देणग्या मिळतात. पण मूलभूत संशोधनाचे फळ येण्यास अनेक वर्षे लागतात आणि तोवर दात्यांचा उत्साह टिकवावा लागतो, ही अशा निधींपुढील मुख्य अडचण होय. तसेच आजारी बालकाची ओळख व प्रतिष्ठा जपणे हेही त्यांचे कर्तव्य ठरते.

अनेक औषधांच्या संयुक्त वापरामुळे संपन्न देशांत कर्करोगग्रस्त बालकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. तेथे रोगाचे निदान उशिरा होणे, औषधांचा तुटवडा आणि खर्च न झेपल्याने उपचार अर्ध्यावर सोडणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. २०३० पर्यंत जगात किमान ६० टक्के बालके वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरविले. म्हणून नव्या औषधांच्या शोधाइतकीच, ज्ञात उपचार बालकांपर्यंत पोहोचविण्यासाठीही धर्मादाय निधींची आवश्यकता आहे. [⟶ कर्करोग].