मेकलचा पाषाण आणि सोळा आण्यांचे पीक

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना वजने कशाची घडवावीत याचाही निर्णय दिलेला आहे. ती लोखंडाची असावीत, किंवा मगध आणि मेकल येथील पाषाणाची. आणि तीही न मिळाल्यास अशा एखाद्या द्रव्याची, की जे पाण्याने किंवा लेपाने वाढत नाही आणि उष्णतेने घटत नाही. मेकल म्हणजे अमरकंटकाची ती पर्वतरांग, जिच्यावरून नर्मदेला मेकलसुता हे नाव मिळाले. जबलपूरच्या ग्वारीघाटावरून जे पाणी वाहते ते याच डोंगरातून उगम पावलेले. म्हणजे राजाच्या तराजूत पडणारा दगड नर्मदेच्या माहेरचा असावा, असे त्या प्राचीन शास्त्रकाराचे सांगणे होते. ज्या भूभागाचे नाव वजनमापांच्या शास्त्रात इतक्या आरंभी येते, त्याच भूभागात पुढे दोन हजार वर्षे माप कोणी ठरवावे आणि त्या मापाने कोणाचे मोल ठरावे हा झगडा चालू राहिला, आणि त्याची हकीकत सलग मांडण्याजोगी आहे असे मला वाटते.

जबलपूरच्या पश्चिमेस भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे गाव आहे. हीच कलचुरींची त्रिपुरी. या नगरीची स्वतःच्या नावाची नाणी ख्रिस्तपूर्व काळापासून आढळतात. परंतु तिची खरी कीर्ती झाली ती अकराव्या शतकातील गांगेयदेवाच्या सुवर्णमुद्रांमुळे. एका बाजूस बसलेली चतुर्भुज लक्ष्मी, दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत राजाचे नाव, आणि वजन सुमारे चार ग्रॅम. हा नमुना उत्तर हिंदुस्थानात इतका मान्य झाला की चंदेलांनी तो उचलला आणि गाहडवालांनीही उचलला. गाहडवाल गोविंदचंद्राच्या नाण्यांत लक्ष्मी तीच राहिली, वजनही जवळपास तेच राहिले, सोने मात्र हिणकस झाले. बाह्य आकार आणि माप कायम ठेवून आतले मोल काढून घेता येते, हा राज्यकर्त्यांना फार जुना ठाऊक असलेला मार्ग आहे. कलचुरींचा कालगणनेचा संवतही स्वतंत्र होता. त्याचा आरंभ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यास झाला हे निश्चित करण्यात, आणि त्या संवताचे शिलालेख व ताम्रपट १९५५ साली एका थोर ग्रंथात एकत्र करण्यात, नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींचे परिश्रम आहेत. मराठी विद्वत्तेने या नगरीचे फेडलेले हे ऋण महाराष्ट्रात पुरेसे ओळखले जात नाही, याची मला खंत आहे.

१७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले आणि जबलपुरास आपले ठाणे केले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. या छत्तीस वर्षांत मराठी अंमलदार, कारकून, पोतदार आणि सराफ यांच्याबरोबर त्यांचे हिशेबही येथे आले. बाजारात नागपुरी रुपया चाले, सागरची बाळाशाही चाले, उत्तरेकडून आलेले रुपये चालत. आणि त्यातला कोणताही रुपया निव्वळ रुपया म्हणून घेतला जात नसे. सराफ तो वाजवून पाही, कसोटीला लावी, किती झिजला हे पाही, कोणत्या टांकसाळीचा व कोणत्या सालचा हे पाही, आणि मग त्यावर बट्टा, म्हणजे मोलातली कपात, सांगे. एकाच मुलखात एका नावाच्या नाण्याचे मोल माणसागणिक बदलत असे. रयत सारा भरताना तिच्या रुपयावर बट्टा कापला जाई, आणि तोच रुपया तिला कर्ज म्हणून देताना पुरा मोजला जाई. बट्ट्याचे हे दुहेरी शास्त्र आपल्या मराठी अमदानीतही चालले, हे लपवण्यात अर्थ नाही.

कंपनी सरकारने यावर केलेला उपाय मुळावर घाव घालणारा होता. १८३३ च्या सातव्या रेग्युलेशनने १८० ग्रेनांचा तोळा ठरला, ऐंशी तोळ्यांचा शेर झाला आणि चाळीस शेरांचा मण झाला. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा रुपयाही नेमका १८० ग्रेनांचा, म्हणजे एक तोळ्याचा झाला. यामागे कलकत्त्याच्या टांकसाळीतील जेम्स प्रिन्सेप याची बुद्धी होती. अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच प्रिन्सेप. या योजनेचे मर्म असे, की ज्याच्या कनवटीस ऐंशी नवे रुपये असतील त्याच्याजवळ शेराचे वजनही आपोआप असावे, आणि बनियाच्या मापावर संशय आला तर त्याने ते पारड्यात टाकून पाहावे. चलन हेच वजन आणि वजन हेच चलन, अशी ही सांगड होती. ऐंशी रुपये पदरी असणारा शेतकरी त्या काळी किती गावांत सापडला असता, हा प्रश्न मात्र उरतो.

म्हणूनच कायदा कागदावर आला तरी खेडे आपल्याच मापाने चालत राहिले. धान्य तोलले जात नसे, मापले जाई. मंडल्याकडे कुरो, छत्तीसगडात काठा, नागपूर-भंडाऱ्याकडे कुडो आणि पायली. वीस काठ्यांची खंडी. आपल्याकडची चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही चढती भाजणी त्याच कुळातली. आकारमानाच्या मापात एक फट कायम राहते, आणि ती म्हणजे शीग. माप शिगोशीग भरले की काठाशी सपाट रेवले, पायली हलवून भरली की अलगद ओतली, यावर धान्याचा खरा ऐवज ठरतो. सावकार मृगात बियाणे देई तेव्हा माप सपाट असे. सुगीत वाढीदिढीने परत घेई तेव्हा त्याच मापावर शीग चढे. दिढी म्हणजे दीडपट, ही ठरलेली बोली; शिगेची बोली कधीच होत नसे. कर्जाच्या कागदात न दिसणारे हे व्याज किती पिढ्यांनी भरले त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

खळ्यावर मापाडी बसला म्हणजे पहिले माप टाकताना तो ‘एक’ म्हणत नाही; मराठी मुलखात ‘लाभ’ म्हणतो, नर्मदेच्या खोऱ्यातला तोलणारा ‘राम’ म्हणतो, आणि मग दोन, तीन असा पुढे जातो. या उच्चाराबरोबर खळ्यावरचे बोलणे थांबते. मापाच्या कामात देवाला साक्ष ठेवण्याची गरज समाजाला वाटली, याचा अर्थ त्या कामात माणसाची साक्ष पुरेशी होत नव्हती.

जमिनीचे माप तर याहून बिकट. जबलपूरची ‘हवेली’ म्हणून जो गव्हाचा प्रदेश प्रसिद्ध आहे, तेथे शेताला चौफेर उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवतात, आश्विनात ते सोडून देतात आणि ओल्या काळ्या मातीत गहू पेरतात. अशा बांधाच्या एकराची आणि डोंगरउतारावरच्या बरड एकराची बरोबरी जरिपेच्या साखळीने कशी व्हावी? काबर, मुंड, सेहरा, बर्रा, भटुआ अशी मातीची नावे शेतकऱ्याच्या जिभेवर होती, आणि प्रत्येक नावात उत्पन्नाचा अंदाज भरलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या बंदोबस्तात मध्यप्रांताच्या अधिकाऱ्यांनी, विशेषतः बॅम्फील्ड फुलर याने, या देशी वर्गवारीलाच गणिताचे रूप दिले. प्रत्येक मातीला तिच्या सापेक्ष उत्पन्नाप्रमाणे एक अंक द्यायचा, शेताच्या एकरांना त्या अंकाने गुणायचे, आणि जी संख्या येईल ती त्या शेताची ‘सॉइल युनिटे’. समजा, काबरीचा अंक तीस आणि बरडाचा दहा, तर काबरीचा एक एकर म्हणजे बरडाचे तीन एकर. मग गावाच्या एकंदर खंडाला एकंदर युनिटांनी भागले की कोणत्या गावावर भार अधिक आणि कोणत्यावर कमी, हे एका आकड्यात दिसे. लांबीरुंदी आणि सुपीकता यांचा असा गुणाकार करून जमीन मोजण्याचा हा प्रयत्न मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बुद्धिमान वाटतो. त्याचा दोष एवढाच, की अंक ठरवणारा हात सरकारचा होता, आणि बंदोबस्ताच्या अखेरीस बहुधा सारा वाढलेलाच निघे.

सुपीकतेच्या फरकातून खंड उत्पन्न होतो हा सिद्धांत इंग्लंडात रिकार्डोच्या नावाने ओळखला जातो. आणि ज्याची पुष्कळ सेवा जबलपुरात गेली, ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचे नाव गाजले, त्या विल्यम स्लीमनने या रिकार्डो-संप्रदायाचे परीक्षण करणारे एक पुस्तक १८३७ मध्ये श्रीरामपुराहून छापले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. करांचा भार अखेर कोणावर पडतो यावरही त्याने १८२९ मध्ये लिहिले. ठगांच्या कथांपुढे हे लेखन झाकले गेले.

रुपयाच्या सोळा आण्यांची पकड मात्र नाण्याच्या पलीकडे गेली. मालगुजारी गावातले, म्हणजे सारा भरणाऱ्या मालगुजारांच्या मालकीच्या गावातले, वाटे आणे-पैंत बोलले जात; चार आण्यांचा हिस्सेदार म्हणजे चौथाईचा धनी. पिकाचा अंदाज आण्यांत होई. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि आणेवारी किती लागली यावर साऱ्याची सूट अवलंबून असे. १९५१ च्या मार्चअखेर मालगुजारी संपली, १९५७ च्या एप्रिलात रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि महाराष्ट्रात आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या खाली गेली तर टंचाई. जबलपुराकडे अजूनही आनावारीच म्हणतात. शब्द कोणताही असो, शेतकऱ्याच्या पिकाचा आकडा त्याने स्वतः सांगायचा नसतो, तो त्याला सांगितला जातो.

डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात नाण्याच्या क्रयशक्तीच्या स्थैर्यावर जो भर दिला, तो मोल दुसऱ्याने ठरवण्याच्या या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. ज्याच्या हाती मजुरीचे चार रुपये येतात त्याला त्या रुपयांत उद्या किती ज्वारी येईल हे कळणे, हा त्याच्या जगण्याचा प्रश्न असतो.

१९५६ च्या कायद्याने आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने झालेल्या अंमलाने किलोग्रॅम आला. शेराचे ९३३ ग्रॅम झाले, मणाचे ३७ किलोंहून थोडे अधिक. जबलपूरच्या कमानिया दरवाजाजवळच्या सराफ्यात ११.६६ ग्रॅमांचा तोळा जाऊन दहा ग्रॅमांनाच तोळा म्हणण्याचा प्रघात पडला. ज्यांनी हा बदल घडवला त्यांचे उपकार मोठे आहेत. एका देशात शेकडो शेर नांदत असताना गरीब गिऱ्हाईकाला न्याय मिळणे अशक्य होते.

तरीही जबलपूरच्या भोवतालच्या जंगलांत एक माप असे आहे, की जेथे किलोग्रॅम पोचत नाही. तेंदूपत्ता मोजला जातो गड्ड्यांत. पन्नास पानांची एक गड्डी, आणि हजार गड्ड्यांचे एक मानक पोते. १९६४ च्या कायद्याने हा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. वैशाखात पहाटे बायका पाने तोडतात, दुपारी घरच्या सावलीत बसून ती गड्ड्यांत बांधतात आणि सायंकाळी फडावर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, नेतात. तेथे मुंशी गड्डी हातात घेतो, पाने उलगडून पाहतो, लहान, छिद्र पडलेले किंवा करपलेले पान दिसले की गड्डी बाजूला टाकतो, आणि उरलेल्यांची नोंद करतो. मजुरी नोंदीवर मिळते, बाजूला टाकलेल्या गड्डीवर नाही. फडावरच्या या परीक्षेला बट्ट्याचे रूप येऊ नये असे वाटत असेल, तर नाकारलेल्या गड्ड्यांचीही नोंद पाने आणणाऱ्या बाईच्या कार्डावर तिच्यासमक्ष व्हावी, नाकारण्याचे कारण तेथेच लिहिले जावे, आणि तक्रार आल्यास दुसऱ्या माणसाने ती गड्डी पाहावी, एवढी व्यवस्था शासनाला अवघड नाही.