बळीचे राज्य आणि शाप-वराविना एक खेळ

‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात आले आहे. उच्चारणाऱ्यांना वामनाची कथा ठाऊक असते. बटू वामनाने तीन पावले जमीन मागितली आणि दानशूर बळीला पाताळात घातले. पुराणाने वामनाला विष्णूचा अवतार ठरवून पूजनीय केले. तरीही घरातली बाई ओवाळताना राज्य मागते ते बळीचे. वामनाचे राज्य येवो, असे कोणी म्हणत नाही. पुराणाने ज्याला हरवले त्याच्या बाजूने लोकमनाने कौल देऊन ठेवला आहे. बळी पाताळात गेलाच नसता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या एका वाक्यात दडलेला आहे.

या प्रश्नाचा खेळ करता येतो. एक प्रस्थापित कल्पित जग घ्यावयाचे. त्यातली एकच घटना बदलावयाची. मग प्रत्येकाने त्या जगातल्या एकेकाचे सोंग घेऊन पुढे काय घडले असते ते बोलून आणि वागून पाहावयाचे. परदेशात अशा खेळांची मोठी परंपरा तयार झाली आहे. आपल्या चळवळीला त्याचा उपयोग आहे काय, तो कसा खेळावा, आणि त्यात धोका कोठे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

महाराष्ट्रात या रीतीचे ठळक उदाहरण जोतीराव फुल्यांनी घालून दिले आहे. १८७३ साली प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ हा धोंडीबा आणि जोतीराव या दोघांचा संवाद आहे. धोंडीबा शंका विचारतो, जोतीराव उलगडा करतात. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम हे तेथे अवतार राहत नाहीत. ते बाहेरून आलेल्या टोळ्यांचे म्होरके होतात. शंखासुर, हिरण्यकश्यपू आणि बळी हे येथले राजे होतात. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा ही बहुजनांची दैवते बळीच्या राज्यातले अधिकारी ठरतात. पात्रे तीच, घटना त्याच. पण कथा सांगणारा बदलताच नायक आणि खलनायक यांनी जागा बदलल्या.

त्याच ग्रंथात जोतीरावांनी आणखी एक गोष्ट केली. परशुराम चिरंजीव आहे असे ब्राह्मणी परंपरा सांगते. ठीक आहे, चिरंजीव असेल तर तो आजही कोठेतरी असला पाहिजे. म्हणून जोतीरावांनी त्याच्या नावाने रीतसर पत्र लिहिले आणि सहा महिन्यांच्या आत हजर होण्याविषयी बजावले. हा विनोद आहे, पण पोकळ विनोद नव्हे. कल्पित जगाचा नियम खरा मानून तो शेवटपर्यंत ताणावयाचा, म्हणजे जेथे तो तुटावयाचा तेथे सर्वांदेखत तुटतो. या खेळाचे सारे मर्म येथे आहे.

पुढे सत्यशोधक जलशांनी हीच रीत गावोगावच्या मांडवांत नेली. तमाशाचा ठरलेला साचा म्हणजे गण, गौळण, बतावणी आणि वग. प्रेक्षकाच्या ओळखीचा हा साचा जलशाने ठेवला आणि त्याच्या आतला आशय बदलला. आंबेडकरी जलशांनी ते काम आणखी पुढे नेले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी १९३० नंतरच्या काळात जलसा हे प्रबोधनाचे हत्यार केले. ज्या माणसाला गावात जन्माने एकच भूमिका नेमून दिलेली होती, तो मांडवात सावकार झाला, भट झाला, वकील झाला, न्यायाधीश झाला. रात्रभरासाठी का होईना, भूमिका जन्माने मिळत नाहीत, त्या घेता येतात, हे त्याने स्वतः अनुभवले आणि समोरच्यांनी पाहिले. जातिव्यवस्था ही भूमिका वाटून देणारी व्यवस्था आहे. म्हणून सोंग बदलणे ही तिच्या लेखी साधी करमणूक नसते.

आता परदेशाकडे पाहू. इंग्रज लेखक टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘ऑर्क’ नावाची एक जमात आहे. कुरूप, क्रूर आणि शत्रूची चाकर. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा सोंगांचा खेळ निघाला. त्यानेही असे ऑर्क घेतले आणि प्रत्येक वंशाला जन्मजात गुणदोष नेमून दिले. आपल्या वाचकाला ही योजना ओळखीची वाटेल. असुर, राक्षस, दैत्य यांची आपल्याकडची मांडणी हीच तर आहे. मात्र तेथेही प्रश्न उभे राहिले. रशियातले जीवाश्मशास्त्रज्ञ किरील येस्कोव यांनी १९९९ साली टोल्किनचीच कथा हरलेल्यांच्या बाजूने लिहिली. तिच्यात शत्रूचा देश हा यंत्रे आणि विज्ञान यांकडे वळलेला देश आहे, आणि ‘दुष्ट’ हे जेत्यांनी त्याला दिलेले नाव आहे. पुढे २०२० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनीही ऑर्कांना स्वभावतःच दुष्ट रंगवण्याची पद्धत बदलू, असे जाहीर केले. जन्मावरून दुष्टपणा ठरवणे कल्पित जगातसुद्धा टिकेना. आपल्याकडे हाच प्रश्न जोतीरावांनी येस्कोवच्या सव्वाशे वर्षे आधी विचारला होता, आणि तो कादंबरीतल्या वंशाविषयी नव्हता, जिवंत माणसांविषयी होता.

असा खेळ आज कोठे आणि कसा मांडता येईल? एक आराखडा देतो. त्यासाठी मीरा-भाईंदरमधले चौक हे गाव निवडले आहे, आणि निवडीला कारण आहे. भाईंदरच्या पश्चिमेला डोंगरी, तारोडी, पाली, उत्तन या गावांच्या सोबतीने खाडी आणि समुद्र यांच्या काठी चौक वसले आहे. तेथे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३७ ते १७३९ या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीज आणि मराठे यांनी या जागेसाठी लढाया केल्या, कारण समोर खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. वसईच्या उत्तरेला सोपारा. म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. हा सारा किनारा परशुरामाच्या कथेने व्यापलेला आहे. पृथ्वी दान करून टाकल्यावर परशुरामाला राहावयास भूमी उरली नाही. त्याने समुद्राला मागे हटवले आणि कोकण निर्माण झाले, असे ही कथा सांगते.

या कथेतली एकच घटना बदलावयाची. समुद्र हटवण्यापूर्वी सभा भरते आणि परशुरामाला एक प्रश्न विचारला जातो : ‘या पाण्यावर आणि या काठावर आधीपासून कोण जगत आहे?’

भूमिका सहा. परशुराम, समुद्र, पृथ्वीचे दान घेणारा कश्यप, जाळे विणणारी कोळीण, घडलेले लिहून ठेवणारा पुराणिक, आणि सहावा असा माणूस की ज्याचे नाव कोणत्याही पुराणात आलेले नाही. नियम चार. पहिला, भूमिका चिठ्ठ्या टाकून घ्यावयाची. आडनाव, जात, लिंग पाहून नव्हे. दुसरा, दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने भूमिका बदलली पाहिजे. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : शाप आणि वर बंद. पुराणांचे जग शाप आणि वर यांवर चालते. वाद अंगावर आला की ऋषी शाप देतो आणि वाद संपतो. शाप बंद केला की परशुरामालाही कारण द्यावे लागते. परशू बाजूला ठेवून बोलावे लागते. चौथा नियम, खेळ संपल्यावर फळ्यावर तीन रकाने आखावयाचे : पुराण काय सांगते, आपण काय खेळलो, आणि पुरावा काय सांगतो.

हा तिसरा रकाना भरताना विद्यार्थ्यांच्या हाती काय लागते ते पाहा. स्कंदपुराणाचा भाग म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात परशुरामाने किनाऱ्यावरच्या कैवर्तांना, म्हणजे मासेमारांना, ब्राह्मण्य दिल्याची कथा आहे. ती इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. पण ग्रंथाची साक्ष म्हणून ती मोलाची आहे. नव्याने निर्माण झालेल्या भूमीवर मासेमार कोठून आले? म्हणजे माणसे आधीपासून होतीच, हे कथाच कबूल करते. आणि जे ब्राह्मण्य जन्मसिद्ध म्हणून मिरवले जाते, ते येथे एका हुकमाने वाटले जाते. हुकमाने जे मिळते ते नैसर्गिक कसे?

दुसरी साक्ष दगडाची आहे. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, आणि तेथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली त्याच परिसरात नवव्या लेखाचा भाग हाती आला. नवव्या लेखात अशोक सांगतो की लोक नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे, आणि त्यात दास व सेवक यांच्याशी योग्य वागणे येते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात या किनाऱ्यावर बंदर होते, बौद्ध धम्म होता, कष्टकऱ्याला नीट वागवा असे सांगणारा दगड होता. मग समुद्र हटवून परशुरामाने ही भूमी निर्माण केली, या कथेने नेमके काय झाकले? येथे खेळाचा खरा धडा हाती येतो. पर्यायी इतिहास आपणच रचतो आहोत असा आपला समज असतो. वास्तविक परशुरामकथा हाच एक पर्यायी इतिहास आहे. तो एका बाजूने आधी रचला गेला, त्याला पावित्र्य चढवले गेले, आणि मग तो प्रश्नातीत झाला.

यावर कार्यकर्त्यांकडून एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पुराणांचे जग आपण सोडले आहे. मग सोंग घेऊन का होईना, त्यात परत शिरावयाचे कशाला? हे जग विरोधकाला गिळून टाकते. बुद्धालाही त्याने विष्णूचा नववा अवतार करून ठेवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे नाकारण्याची प्रतिज्ञा आहे, ती उगाच नाही. आज आपण बळीला नायक केले, तर उद्या त्याचेही देऊळ बांधून त्याला वामनाचा परमभक्त ठरवले जाणार नाही कशावरून?

या आक्षेपाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अभ्यासपद्धतीत सापडते. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा १९४६ चा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला, पण त्याच ग्रंथात आर्यवंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त त्यांनी तपासून नाकारला. गुरूविषयीचा आदर आणि पुराव्याचा आग्रह यांत त्यांनी गल्लत केली नाही. अस्पृश्यतेच्या मुळाविषयीच्या १९४८ च्या ग्रंथात इतिहासाचे दुवे तुटलेले असतील तेथे कल्पनेचा आणि तर्काचा आधार घ्यावा लागतो, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण जे अनुमान आहे त्याला अनुमानच म्हटले. म्हणून आपला खेळही खेळ म्हणूनच खेळावा. तो इतिहास म्हणून सांगू नये आणि त्या जगात घर तर मुळीच करू नये. चौथा नियम त्यासाठीच आहे.

हा नुसता पोरखेळ आहे असे मात्र कोणी समजू नये. बाबासाहेबांचा ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा राम आणि कृष्ण यांच्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या प्रकरणावरून केवढे वादळ उठले! त्या प्रकरणाच्या रक्षणासाठी फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. पुराणकथेला प्रश्न विचारणे हे आजच्या सत्तेला प्रश्न विचारणे असते, हे प्रस्थापितांना आपल्याहून आधी कळते.

राहिली शेवटची कसोटी. खेळात बळी जिंकला की मुले टाळ्या वाजवतात. तेथे थांबू नये. सहाव्या भूमिकेच्या माणसाला उठवावे आणि त्याने बळीलाच विचारावे : महाराज, आपल्या राज्यात मेलेले जनावर कोण ओढतो? पाणवठा कोणाचा? कचरा कोण उचलतो आणि तो कोणाच्या दारात टाकतो? मीरा-भाईंदर शहराचा कचरा उत्तनच्या बाजूला जातो, आणि तेथली माणसे त्याविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत आली आहेत. चौकमध्ये खेळताना हा प्रश्न कल्पित राहत नाही. सिंहासनावरचा माणूस बदलला पण कामाची आणि घाणीची जन्मावरची वाटणी तशीच राहिली, तर ते बळीचे राज्य नव्हे. ते नाव बदललेले वामनाचेच राज्य होय.

शिक्षकांनी आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी हा खेळ एकदा खेळून पाहावा. साहित्य काही लागत नाही. सहा चिठ्ठ्या, एक फळा आणि दोन तास पुरतात. शाप कोणी देऊ लागला, तर त्याला थांबवून कारण विचारावे, एवढे मात्र पाळावे.