विठाबाईंच्या फडाचा हिशेब

विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. कलेवरची निष्ठा ती हीच, असं म्हणून सांगणारा थांबतो. पण त्या रात्री खेळ मोडला असता तर काय झालं असतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

त्याचं उत्तर फडाच्या व्यवहारात आहे. ढोलकीफडाचा तमाशा दोन वाटांनी कमावतो: तंबू ठोकून तिकिटावर, नाहीतर यात्रेची सुपारी घेऊन. हंगाम दसऱ्याला उघडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. त्यातली भरवशाची कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांची. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात, पुणे-नाशिक रस्त्यालगत, त्या दिवसांत फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच एका राहुटीतून दुसरीत जातात. यंदा वग कुठला, नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, अशी चौकशी होते. घासाघीस होते, तारीख धरली जाते, विसार हातावर पडतो. यात्रेची तारीख देवाची, ती हलत नाही. त्या रात्री फड पोचला नाही तर सुपारी गेली, आणि पुढच्या वर्षी ते गाव राहुटीकडे फिरकत नाही.

शिवाय हा पैसा येण्याआधीच खर्च झालेला असतो. पावसाळ्यात तमाशा बंद. ढोलकीवाला, झिलकरी, नाचणाऱ्या, तंबू ठोकणारे बिगारी, सगळ्यांना घर चालवायला उचल लागते. ती दिली नाही तर माणूस दुसऱ्या फडात जातो. म्हणून मालक सावकाराकडून व्याजाने पैसे काढतो. हंगामभर कलावंत मालकाची उचल फेडतो आणि मालक सावकाराचं व्याज. अवकाळी पावसात चार खेळ बुडाले की पुढच्या वर्षीचं कर्ज आणखी वाढतं.

१९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई याच व्यवहारात वाढल्या. वडील आणि चुलते यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ फड नावाजलेला. पुढे विठाबाईंच्या नावावर गर्दी लोटू लागली. ज्या बाईला बघायला लोक पैसे मोजून बसलेत, तिच्या जागी दुसरी उभी करता येत नाही. बाळंतपणाची रजा ना मालकाला परवडते, ना तिला.

फडाच्या नावातच जात होती. शैलजा पाईक यांनी २०२२च्या आपल्या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रियांवर बसलेला अश्लीलतेचा शिक्का आणि माणुसकीसाठीची त्यांची धडपड तपशिलाने मांडली आहे. ज्या धंद्याला समाज पतच देत नाही, त्याला शेवटी सावकारच गाठावा लागतो. आणि जात वरची असली म्हणून हा हिशेब सुटत नाही. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ब्राह्मण्य सोडून तमाशात आले, पठ्ठे बापूराव झाले, अमाप लावण्या रचल्या. १९४५ साली पुण्यात त्यांचा शेवट हलाखीतच झाला.

विठाबाईंनी १९६२च्या युद्धात जवानांपुढे खेळ केले, राष्ट्रपती पुरस्कार मिळवला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल देणग्यांतून भागवावं लागलं. पुढे २००६ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो योग्यच, पण पुरस्कार आयुष्याच्या उतारावर एकदा येतो आणि उचल दर पावसाळ्यात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी यात्रांच्या तोंडावर. उचली वाटून झाल्या होत्या, यात्रा रद्द झाल्या आणि कर्ज तेवढं उरलं.

फडांना हंगामापुरतं कमी व्याजाचं कर्ज, बुडालेल्या खेळांचा विमा आणि बाळंतपणात नाचणारीला घरबसल्या पैसे, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी बरंच साधेल. निष्ठेचं कौतुक फुकट करता येतं. खेळ मोडून बाईला दवाखान्यात नेणं फडाला परवडावं, यासाठी मात्र कुणीतरी पैसे बाजूला काढायला हवेत.