गोंगाट वाढवला, की स्वर ऐकू येतो!

हेडफोनच्या उजव्या बाजूने सतत खरखर सोडा आणि तिच्यात एक मंद, खालचा स्वर पार बुडवून टाका. आता तीच खरखर डाव्या कानातही सुरू करा. गोंगाट वाढला, तरी हरवलेला स्वर चक्क वर येतो! पुढचं नवल तर त्याहून मोठं: तोच स्वर डाव्या कानालाही दिला, की तो पुन्हा नाहीसा होतो.

मेंदू दोन्ही कानांकडून आलेलं ताडून पाहतो. जे दोन्हीकडे सारखं, ते मागे पडतं; जिथे फरक, तिथे लक्ष जातं. अमेरिकेत १९४८ साली आयरा हर्श यांनी स्वरांबाबत आणि जे. सी. आर. लिकलायडर यांनी बोलण्याबाबत हे दाखवून दिलं. खरखर दोन्हीकडे सारखी ठेवून स्वराची लहर एका कानात उलटी केली, तर ५०० हर्ट्झच्या आसपास तो सुमारे १५ डेसिबल हळू असतानाही कळतो. म्हणजे साधारण तिसाव्या हिश्श्याच्या ऊर्जेत. १५०० हर्ट्झच्या वर मात्र फायदा २-३ डेसिबलवर येतो, कारण तिथे लहरींच्या कंपनांचा वेग मज्जातंतूंना झेपत नाही.

ही तुलना मस्तिष्कस्तंभात होते. दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्याच्या वेळेत सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही आपल्याला जाणवू शकतो. एका कानाने बहिऱ्या माणसाचा हा आधारच जातो. शांत खोलीत नीट बोलणारा असा माणूस लग्नाच्या हॉलमध्ये गोंधळतो, तो दुर्लक्ष करतो म्हणून नव्हे.