पेशीतील ऊर्जाकेंद्रे आणि वार्धक्य

मनुष्यास चालण्याबोलण्यास, श्वासोच्छ्वासास, किंबहुना नुसते पडून राहण्यासही ऊर्जा लागते आणि ती अन्नातून मिळते, हे सर्वश्रुत आहे. परंतु भाकरीतील पिष्टाचे रूपांतर हृदयाच्या ठोक्यात नेमके कोठे होते, याचा उलगडा बराच अलीकडचा आहे. परिपक्व तांबड्या रक्तपेशी वगळता शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असलेल्या अतिसूक्ष्म घटकांकडे हे कार्य सोपविलेले असते. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना ‘मायटोकॉन्ड्रिया’ हे नाव दिले. धागा आणि कण या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले असून आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘तंतुकणिका’ ही संज्ञा त्याच अर्थाची आहे.

तंतुकणिकांत अन्नघटकांचा प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून एटीपी नावाचा रेणू तयार होतो. पेशीतील व्यवहारांचे हे जणू चलनच होय. ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूविना एटीपीचे केवळ २ रेणू हाती लागतात. तंतुकणिकांच्या साहाय्याने मात्र सुमारे ३० मिळतात. ही क्रिया कशी चालते, हे स्पष्ट केल्याबद्दल पीटर मिचेल यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती खंडित झाल्यास काय होते, याचे उदाहरण ग्रामीण भागास अपरिचित नाही. साठविलेल्या धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू तंतुकणिकांचे हेच कार्य बंद पाडतो. रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. या विषावर खात्रीचा उतारा नाही. म्हणूनच या गोळ्या घरात, मुलांच्या हाती लागतील अशा ठिकाणी ठेवणे हा अक्षम्य निष्काळजीपणा ठरतो.

तंतुकणिकांचे मूळही विलक्षण आहे. फार प्राचीन काळी एका पेशीने गिळलेला जीवाणू पचून न जाता तेथेच वस्तीस राहिला व त्याचे वंशज म्हणजे तंतुकणिका, ही उपपत्ती लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नव्याने मांडली आणि पुढे ती सर्वमान्य झाली. म्हणूनच तंतुकणिकांजवळ स्वतःचे वेगळे डीएनए असते. मानवातील या डीएनएचा संपूर्ण आराखडा १९८१ मध्ये केंब्रिज येथे वाचण्यात आला. त्यात ३७ जनुके आहेत, आणि ती अपत्यास केवळ आईकडून मिळतात.

हा तपशील केवळ कुतूहलाचा आहे असे कोणी समजू नये. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी औषधे जीवाणूंची प्रथिने बनविणारी यंत्रणा बिघडवून त्यांचा नाश करतात. काही कुटुंबांत तंतुकणिकांच्या डीएनएमध्ये एका अक्षराचा फरक असतो. त्यामुळे त्यांची प्रथिननिर्मितीची यंत्रणा जीवाणूंच्या यंत्रणेशी अधिकच जुळती होते आणि औषधाचा घाव तिच्यावरही बसतो. अशा व्यक्तीस नेहमीच्या मात्रेतील इंजेक्शनांनीही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. या दोषाचा शोध १९९३ मध्ये लागला. दोष असलेल्या पुरुषाकडून तो अपत्यांत उतरत नाही. स्त्रीकडून मात्र तिच्या मुलांत व पुढे मुलींच्या मुलांत जातो. यास्तव आई, मामा, मावशी किंवा आजी यांपैकी कोणास इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले असल्यास, ही गोष्ट उपचारांपूर्वी डॉक्टरांस अवश्य सांगावी. शिक्षक व आरोग्यसेविका यांनी पालकांकडे एवढी विचारपूस केली, तरी एखाद्या बालकाची श्रवणशक्ती वाचू शकेल.

आता वार्धक्याविषयी. ऊर्जानिर्मितीच्या ओघात तंतुकणिकांतून ‘मुक्त मूलके’ म्हणून ओळखले जाणारे दाहक रेणू निसटतात. त्यांनी पेशींची झीज होऊन म्हातारपण येते, असे डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये सुचविले व १९७२ मध्ये त्याचा संबंध तंतुकणिकांशी जोडला. कल्पना सुबोध होती, म्हणून लोकप्रिय झाली. मुक्त मूलकांना आवर घालणाऱ्या गोळ्या व शक्तिवर्धके यांचा मोठा बाजार तिच्यावर उभा राहिला. अनुभव मात्र निराळा आला. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळले. गाजर, पालेभाज्या खाणे हितकारक, म्हणून त्यांतील एक द्रव्य वेगळे काढून गोळीवाटे घेणेही हितकारक, हा तर्क येथे टिकला नाही. तारुण्य परत देऊ करणाऱ्या बाटल्यांच्या जाहिराती वाचताना याचे स्मरण असावे.

तंतुकणिकांचा वार्धक्याशी संबंधच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. २००४ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की, ज्यांच्या तंतुकणिकांतील डीएनएची नक्कल उतरताना वारंवार चुका होत. ऐन तारुण्यात त्यांचे केस झडले, पाठीला बाक आला, हाडे ठिसूळ झाली आणि ते अल्पायुषी ठरले. पुढील तपासण्यांत त्यांच्यातील मुक्त मूलके मात्र फारशी वाढलेली आढळली नाहीत.

याच जातीच्या उंदरांवर कॅनडात झालेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी ४५ मिनिटे, याप्रमाणे ५ महिने धावविले असता अकाली वार्धक्याची बरीच लक्षणे टळली. व्यायामाने स्नायूंतील तंतुकणिका वाढतात, हे जॉन होलोझी यांनी १९६७ मध्येच उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले होते. साठी ओलांडल्यावर नियमित चालणे किंवा सायकल चालविणे सुरू करणाऱ्या माणसांच्या स्नायूंतही अशी वाढ दिसून आली आहे. व्यायाम थांबल्यास ती काही आठवड्यांतच ओसरू लागते.