डोह आणि समुद्र

विंझर व आसपासच्या गांवांतील मुलांस पोहणें मुद्दाम शिकवावें लागत नाहीं, असें म्हटलें तरी चालेल. पाठीला डबा बांधून कानंदीच्या डोहांत दोन-तीन उन्हाळे काढले कीं डबा आपोआप सुटतो. परंतु हींच मुलें सहलीस कोंकणांत उतरलीं म्हणजे आम्हां शिक्षकांस अधिक काळजी वाटते ती या पोहणाऱ्यांचीच. न पोहणारा गुडघाभर पाण्यांतच थबकतो.

दिनांक १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूड-जंजिरा येथील किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस गेलेले एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. दिवस पावसाळ्याचे नव्हते. तेव्हां समुद्रांत धोका असतो तरी कोठें?

नदीचें पाणी एकाच दिशेनें वाहतें. समुद्रास मात्र चंद्रसूर्यांच्या आकर्षणामुळें दिवसांतून दोनदां भरती व दोनदां ओहोटी येते, आणि दोहोंमध्यें सुमारें सहा तासांचें अंतर असतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें. अष्टमीच्या आसपास भरती बेताची असते. कोंकणांतील जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. (पाऊणकीचा पाढा निदान यासाठीं तरी यावा!) हा हिशोब स्थूल आहे, किनाऱ्यावरील कोळीबांधवांस विचारल्याखेरीज त्यावर विसंबूं नये.

याहून फसवी गोष्ट म्हणजे पाण्याची ओढ. लाटांनीं किनाऱ्याशीं आणलेलें पाणी परत जातांना एखाद्या अरुंद पट्ट्यांतून जोरानें आंत धांवतें. दोहीं बाजूंस फुटत्या लाटांचा फेंस आणि मध्यें गडद, शांत पाणी, असें तें दिसतें. डोहाची संवय असलेला मुलगा नेमका तेथेंच उतरतो. ही ओढ कधीं कधीं सेकंदास दोन मीटरांहूनही वेगवान असते. तितक्या वेगानें जगांतील उत्तम पोहणाराही फार वेळ पोहूं शकत नाहीं. ती माणसास खालीं ओढीत नाहीं, आंत नेते. किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशीं झुंजणाऱ्याचा दम संपतो, आणि तो बुडतो. अशा वेळीं उताणें होऊन तरंगावें, हात वर करून हांक मारावी, व शक्ति असल्यास किनाऱ्यास समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावें; मग लाटांबरोबर तिरपें परत यावें.

एक बुडूं लागला कीं दुसरा धांवतो, त्याच्यामागें तिसरा. बुडणारा जीवाच्या आकांतानें गळ्यास मिठी मारतो. म्हणून दोर, रिकामा डबा, जें तरंगेल तें फेंकावें आणि जीवरक्षकास बोलवावें. गोव्यांत जीवरक्षक लाल-पिवळीं निशाणें रोवतात. त्यांच्या मधल्या भागांतच पोहावयाचें असतें. नुसतें लाल निशाण दिसल्यास पाण्यांत पाऊल टाकूं नये.

होडीच्या खेळांविषयीं एकच सांगतों. लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून पाहावे. ‘पुढें गेल्यावर देतों’ म्हणणाऱ्याच्या होडींत बसूंच नये. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीस पर्यटकांची होडी उलटून दोघांचा अंत झाला.

आणि पालकांनीं सहलीच्या संमतिपत्रावर ‘पाल्यास पोहतां येतें’ एवढेंच न लिहितां तो कोठें पोहण्यास शिकला, तेंही लिहावें.